आडातले पोहऱ्यात : पर्ल भाषेतील नावे, नियम आणि एक कोरा रकाना

२०१४ सालच्या खरिपाची गोष्ट. मराठवाड्यात त्या वर्षी पाऊस लांबला होता. मृग कोरडा गेला होता. मी तेव्हा नांदेडला माहितीची कामे घेत असे. तालुक्यातालुक्यातून डाटा एंट्री करणाऱ्या मुलांनी भरलेल्या फाइली यायच्या. त्या एकत्र करायच्या, ज्याच्या नावे जेवढी जमीन त्या हिशेबाने आकडे मांडायचे आणि गावनिहाय याद्या छापून द्यायच्या. त्या हंगामात एका संस्थेसाठी सोयाबीनच्या बियाण्याच्या वाटपाची यादी केली होती. हिशेब सोपा होता. एकराला तीस किलोची एक बॅग, आणि एक एकर म्हणजे ढोबळ मानाने ४० आर.

यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी साठीतले एक गृहस्थ तिची झेरॉक्स घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले. यादीत त्यांचे नाव होते. गाव बरोबर होते, गट नंबर बरोबर होता. क्षेत्राच्या रकान्यात मात्र काहीच नव्हते आणि बॅगांच्या रकान्यात शून्य होते. कागदावर बोट ठेवून त्यांनी एवढेच विचारले, "सायेब, नाव हाय, मग रान कामून न्हाई?"

मी म्हणालो, "मामा, वरच्या फायलीतच आलं नसेल. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

म्हण चपखल होती, फक्त लागू नव्हती. ते गेल्यावर मूळ फाइल उघडून पाहिली. आडात पाणी होते. १ हेक्टर २० आर, म्हणजे तीन एकर, म्हणजे तीन बॅगा. रिकामा आला होता तो माझा पोहरा. आणि तो त्यांच्या एकट्यासाठीच रिकामा आला नव्हता, त्या तालुक्याच्या फाइलीतल्या प्रत्येक ओळीला रिकामा आला होता.

हा लेख त्या पोहऱ्याविषयी आहे. संगणकाच्या भाषेत त्याला 'ॲक्सेसर' म्हणतात. पर्ल नावाच्या भाषेत असे पोहरे एकेक करून घडवावे लागत नाहीत, नियम सांगितला की ते आपोआप तयार होतात. ही सोय मोठी आहे आणि तिच्यातला धोकाही तेवढाच मोठा आहे. दोन्ही समजायला संगणकाचे शिक्षण लागत नाही, व्याकरणाची थोडी आवड पुरते. म्हणूनच हा विषय वाङ्मयाच्या वाचकांपुढे मांडायचे धाडस करतो आहे.

भाषेच्या अभ्यासकाने घडवलेली भाषा

पर्लची पहिली आवृत्ती लॅरी वॉल या अमेरिकी गृहस्थांनी १८ डिसेंबर १९८७ रोजी प्रसिद्ध केली. वॉल यांचा मूळ ओढा भाषाशास्त्राकडे. ज्या समाजाची बोली अद्याप लिहिली गेलेली नाही अशा एखाद्या समाजात जाऊन राहायचे आणि त्या बोलीला लेखनपद्धती द्यायची, असा त्यांचा आणि त्यांच्या पत्नीचा विचार होता. प्रकृतीच्या कारणाने तो बेत सुटला आणि ते संगणकाच्या कामात राहिले. बोलीला लिपी द्यायला निघालेल्या माणसाने शेवटी यंत्रासाठी भाषा घडवली. तिच्यात भाषाशास्त्राच्या खुणा जागोजाग दिसतात. एका वस्तूच्या नावाआधी एक चिन्ह लागते आणि अनेक वस्तूंच्या नावाआधी दुसरे, म्हणजे एकवचन आणि अनेकवचन झाले. आपण बोलताना 'ते' म्हणतो आणि ऐकणाऱ्याला संदर्भाने कळते, तसे सर्वनामासारखे वागणारे एक चलही तिच्यात आहे. एकच गोष्ट अनेक रीतींनी सांगता आली पाहिजे, हे तर या भाषेचे ब्रीदच आहे.

पर्लची पाचवी आवृत्ती १७ ऑक्टोबर १९९४ रोजी आली. आमच्या नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ त्याच्या बरोबर एक महिना आधी, १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले. हा योगायोग कुणाच्या कामाचा नाही, पण लातूरला वाढून नांदेडला शिकलेल्या माझ्यासारख्याला तो लक्षात ठेवायला बरा पडतो. या पाचव्या आवृत्तीने पर्लला मॉड्यूले दिली, वस्तू म्हणजे 'ऑब्जेक्ट' दिले, आणि पुढे ज्याची गरज लागणार आहे ते 'क्लोजर'ही दिले.

पर्लमधली वस्तू ही फार साधी चीज आहे. नावांची आणि त्या नावांपुढच्या किमतींची एक थैली घ्या. 'गाव' या नावापुढे गावाचे नाव, 'गट नंबर' यापुढे आकडा, 'क्षेत्र' यापुढे आर. सातबाऱ्याचा उतारा डोळ्यांपुढे आणला तरी चालेल. गाव नमुना सातमध्ये मालकी आणि क्षेत्र, नमुना बारामध्ये पिके. छापील मथळे ठरलेले, त्यांच्यापुढचा मजकूर प्रत्येकाचा वेगळा. अशा थैलीला पर्लमध्ये 'हॅश' म्हणतात. ही थैली एखाद्या वर्गाची आहे असे जाहीर केले की ती वस्तू होते. त्या जाहीर करण्याच्या क्रियेला वॉल यांनी शब्द वापरला तो 'ब्लेस', म्हणजे आशीर्वाद देणे. बारसे झाल्यावर मूल तेच असते, पण आता ते कुणाचे तरी म्हणून ओळखले जाते. इथेही तसेच. थैली तीच राहते, पण आता तिला हाक मारली की तिच्या वर्गाच्या पद्धती ओ देतात.

पोहरा कशाला हवा?

थैलीत हात घालून हवे ते काढून घेता येत असताना मध्ये पोहरा कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पर्लमध्ये त्या थैलीला कुलूप नसते. कुणीही थेट हात घालू शकतो. घालू नये, अशी फक्त रीत आहे.

पुस्तके या रीतीची दोन कारणे देतात. उद्या क्षेत्र आरमध्ये न ठेवता हेक्टरमध्ये ठेवायचे ठरले, तर आतली मांडणी बदलते. पण लोक 'क्षेत्र' या पद्धतीमार्फतच विचारत असतील, तर बदल एका जागी करून भागते. शिवाय आत काही टाकताना तपासता येते. क्षेत्राच्या जागी कुणी गावाचे नाव लिहू लागला, तर पद्धत त्याला दारातच अडवते.

माझ्या अनुभवात तिसरे कारण या दोहोंपेक्षा वजनदार आहे. थैलीत हात घालताना नाव चुकले, 'क्षेत्र' ऐवजी 'क्षत्र' लिहिले गेले, तर पर्ल तक्रार करत नाही. 'क्षत्र' नावाचे या थैलीत काही नाही, म्हणून ते रिकामे हात परत करते. पर्लला शिस्त लावणारा 'स्ट्रिक्ट' नावाचा एक आदेश आहे. तो चलांच्या नावांतल्या चुका कार्यक्रम सुरू होण्याआधीच पकडतो, पण थैलीतल्या नावांना तो हात लावत नाही. याउलट 'क्षत्र' नावाच्या पद्धतीला हाक मारली आणि तशी पद्धत वर्गात नसली, तर कार्यक्रम जागच्या जागी थांबतो आणि या नावाची पद्धत या वर्गात सापडली नाही असे सांगतो. पोहऱ्याचा खरा फायदा हा आहे. चुकीच्या नावाने आडात सोडलेला पोहरा रिकामा वर येत नाही, तो सोडताच खडखडतो.

मी माझ्या हाताने घालवला तो नेमका हाच फायदा.

रूपे पाठ करायची की नियम शिकायचा?

माझ्या यादीत चौदा रकाने होते. प्रत्येकासाठी एक पद्धत लिहायची, तर चौदा पद्धती हव्यात, आणि त्या चौदांच्या पोटात मजकूर एकच : माझ्या नावाच्या कप्प्यात काय आहे ते दे, आणि सोबत नवी किंमत आली असेल तर ती आत ठेव. फरक फक्त नावाचा. चौदा वेळा तेच लिहिताना माणूस नक्कल करतो, आणि नक्कल करताना एखाद्या ठिकाणी वरचे नाव बदलतो पण आतले बदलायचे विसरतो. मग 'गट नंबर' विचारला की गावाचे नाव मिळते. ही चूक मी अनेकांच्या कामात पाहिली आहे, स्वतःच्याही.

शाळेत शब्दांची रूपे पाठ करणारा मुलगा आणि व्याकरण समजलेला माणूस यांच्यातला फरक इथे उपयोगी पडतो. 'घर' या शब्दाची 'घराला, घरात, घराचे' ही रूपे कोशात वेगवेगळी देत नाहीत. कोशात 'घर' असते, सामान्यरूपाचा नियम व्याकरणात असतो, आणि बोलणाऱ्याच्या तोंडात रूप त्या क्षणी तयार होते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, मोरो केशव दामल्यांचे शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ मध्ये आले. नियम थोडके आणि रूपे अगणित, ही व्याकरणाची काटकसर आहे. पर्लमध्ये पद्धती नियमाने तयार करणे ही तीच काटकसर.

त्यासाठी मुख्य वाटा तीन आहेत.

पहिली वाट अशी की पद्धतीचा मजकूर अक्षरांच्या रूपात जुळवायचा, त्यात रकान्याचे नाव घालायचे आणि तयार झालेला मजकूर पर्लला 'हा कार्यक्रम समजून वाच' म्हणून द्यायचा. ही चालते, पण ती कोऱ्या कागदावर सही करून दिल्यासारखी आहे. रकान्याचे नाव बाहेरच्या फाइलीतून आले आणि त्यात एखादे भलते चिन्ह असले, तर कार्यक्रम मोडतो. कुणी मुद्दाम काही लिहून पाठवले असेल, तर यंत्र तेही इमानाने करते.

दुसरी वाट क्लोजरची. नावांची यादी घ्यायची आणि तिच्यावरून एक फेरी मारायची. फेरीच्या प्रत्येक पावलावर एक बिननावाची छोटी पद्धत जन्माला येते, आणि जन्मताना त्या पावलाचे नाव गाठीला बांधून घेते. फेरी संपली तरी ती गाठ सुटत नाही. क्लोजर म्हणजे ही गाठ. मग ती पद्धत वर्गाच्या नावांच्या वहीत त्या नावाखाली नोंदवायची. प्रत्येक वर्गाची अशी एक वही पर्लकडे असते आणि कार्यक्रम चालू असतानाही तिच्यात नोंद करता येते. नोंदीपुरती 'स्ट्रिक्ट'ची एक अट सैल करावी लागते, ती त्या दोन-तीन ओळींपुरतीच करावी. पाच-सहा ओळींत चौदा पद्धती तयार होतात आणि नक्कल करताना होणाऱ्या चुका संपतात.

तिसरी वाट 'ऑटोलोड'ची. एखाद्या वस्तूला अशा नावाने हाक मारली की ज्या नावाची पद्धत तिच्या वर्गात नाही, वडीलधाऱ्या वर्गांतही नाही, तर हार मानण्याआधी पर्ल एक शेवटचा प्रयत्न करते. वर्गात 'ऑटोलोड' नावाची पद्धत आहे का ते पाहते. असली तर हाक तिच्याकडे जाते, आणि कोणत्या नावाने हाक मारली होती तेही तिला सांगितले जाते. म्हणजे आधी काहीच तयार करायला नको. जे नाव येईल त्या नावाचा कप्पा थैलीत उघडून द्यायचा. एकाच पद्धतीत चौदा रकाने, आणि उद्या पंधरावा आला तरी काम नाही.

मला हीच वाट आवडली. प्रत्येक तालुक्याच्या फाइलीत रकाने थोडे कमी-जास्त असत. मी पहिल्या ओळीतले मथळे वाचत असे, शब्दांमधल्या मोकळ्या जागी खालची रेघ घालत असे आणि तीच नावे थैलीत ठेवत असे. कार्यक्रमात नावे मराठीत, देवनागरीत लिहीत असे. २०१२ मध्ये आलेल्या ५.१६ या आवृत्तीपासून पर्ल वर्गांची आणि पद्धतींची अशी नावे नीट सांभाळते. 'शेतकऱ्याचे क्षेत्र' असा मथळा आणि त्याच नावाची हाक. वाचायला इतके सरळ की मला त्याचा अभिमान वाटत असे.

ऱ

अभिमानाची जागा आणि चुकीची जागा एकच निघाली.

मराठीत 'र'ची 'य'शी जोडणी दोन प्रकारे होते, आणि त्यांचे अर्थ वेगळे असतात. 'आचार्यांना' म्हटले तर गुरुजींना, 'आचाऱ्यांना' म्हटले तर स्वयंपाक्यांना. 'शेतकरी' या शब्दाचे सामान्यरूप 'शेतकऱ्या' होते, तेव्हा दुसरी जोडणी येते. कागदावर ती एकच खूण आहे. संगणकाच्या पोटात मात्र ती एकाहून अधिक प्रकारे साठवता येते. युनिकोडमध्ये 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आहे. त्याला हलन्त करून पुढे 'य' लिहिला की 'ऱ्य' दिसते. साधा 'र', हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह आणि 'य' लिहिला, तरीही तेच दिसते. कीबोर्डाच्या मांडणीवर अवलंबून टायपिंग करणारा यांतले कुठलेही एक लिहितो, आणि आपण काय लिहिले ते त्याला कळायला मार्ग नसतो. शेतकऱ्याचे आणि शेतकर्‍याचे, हे दोन शब्द मी इथे मुद्दाम दोन पद्धतींनी लिहिले आहेत. डोळ्यांना ते एकच आहेत. यंत्राला ते 'गाव' आणि 'गट' यांच्याइतके वेगळे आहेत.

त्या एका तालुक्याची फाइल दुसऱ्या पद्धतीने लिहिलेली होती. क्षेत्र थैलीत व्यवस्थित आले होते, पण न दिसणाऱ्या जोडचिन्हाच्या नावाखाली. माझ्या कार्यक्रमाने हाक मारली ती पहिल्या पद्धतीच्या नावाने. ऑटोलोडने ती झेलली, त्या नावाचा कप्पा पाहिला, तो नव्हता, म्हणून रिकामे हात परत केले. पुढच्या गणिताने रिकाम्याला शून्य धरले. शून्य आरला शून्य बॅगा. कोऱ्या किमतीवर गणित चालले आहे अशी सूचना पर्ल देत असते. सूचनांनी पडदा भरतो म्हणून मी त्या बंद करून ठेवल्या होत्या. टायपिंग करणाऱ्या मुलाची चूक नव्हती, पर्लचीही नव्हती. चूक माझी होती.

एरवी हीच हाक खडखडली असती. वर्गात तशी पद्धत नाही असे म्हणून कार्यक्रम थांबला असता आणि मी अर्ध्या तासात मथळा दुरुस्त केला असता. पण मी दारात असा माणूस बसवला होता, जो कुठल्याही नावाने हाक मारली तरी 'ओ' देतो. अशा माणसाला ओळख विचारण्यात अर्थ नसतो. त्याचा होकार खरा की खोटा, हे त्या होकारावरून कळत नाही.

ऑटोलोडचे आणखीही काही विक्षेप आहेत. वस्तूचे काम संपून ती नाहीशी होताना पर्ल तिची शेवटची आवराआवर करणाऱ्या एका ठरलेल्या पद्धतीला हाक मारते. तशी पद्धत लिहिलेली नसली, तर ती हाकही ऑटोलोडकडे येते, आणि माझा कार्यक्रम प्रत्येक शेतकऱ्याच्या ओळीमागे त्या नावाचा रकाना शोधत होता. उलट, 'ही पद्धत तुला येते का?' असे वर्गाला रीतसर विचारले, तर तो 'नाही' म्हणतो, कारण वहीत नोंद नसते. जे येते ते नाकारायचे आणि जे येत नाही त्याला हो म्हणायचे, असा हा कारभार.

सूत्रे आणि पाठ

दुरुस्ती करताना मला पाणिनीची आठवण झाली. नियमांनी रूपे तयार करण्याचा आदर्श म्हणून अष्टाध्यायीचे नाव संगणकाच्या वर्तुळातही घेतले जाते. तिच्या सुमारे चार हजार सूत्रांचे कौतुक होते. पण त्या सूत्रांसोबत दोन याद्या आहेत, त्यांचे नाव कमी वेळा निघते. सुमारे दोन हजार धातूंचा धातुपाठ आणि शब्दांचे गट देणारा गणपाठ. सूत्र म्हणते की अमुक गणातल्या शब्दांना हा प्रत्यय लागतो. तो गण कोणता, ते पाठात पाहायचे. नियम उदार असतो, कारण यादी काटेकोर असते. काही गण मोकळेही आहेत, त्यांना आकृतिगण म्हणतात. पण ते मोकळे आहेत हे मुद्दाम सांगितलेले असते.

माझ्याकडे सूत्र होते, पाठ नव्हता. म्हणून आधी पाठ लिहिला. चौदा रकान्यांची चौदा नावे, एका जागी. पद्धती त्या यादीवरून क्लोजरच्या वाटेने तयार केल्या आणि ऑटोलोड काढून टाकला. फाइल उघडताच मथळे यादीशी ताडून पाहायचे, एखादे नाव कमी असले किंवा अनोळखी असले, तर फाइलीचे नाव आणि तो मथळा दाखवून तिथेच थांबायचे. त्याआधी प्रत्येक मथळा एकाच लेखनपद्धतीत आणायचा. युनिकोडची लेखने एकसारखी करणारे मॉड्यूल पर्लसोबतच येते. 'र'खाली नुक्ता देऊन लिहिलेला 'ऱ' ते जुळवून घेते. न दिसणारे जोडचिन्ह मात्र त्याच्या कक्षेत येत नाही, त्याची बदली स्वतः लिहावी लागते. आणि शेवटचे म्हणजे कोरे आणि शून्य यांत फरक करायचा. शून्य आर हे उत्तर आहे. कोरा रकाना हा प्रश्न आहे. तो छापायचा नाही, विचारायचा.

ऑटोलोड मुळातच वाईट आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. आलेले नाव आधी यादीत पाहणारा, असेल तरच पद्धत तयार करून वहीत नोंदवणारा आणि नसेल तर मोठ्याने नाही म्हणणारा ऑटोलोड लिहिता येतो. फार मोठ्या वर्गात, जिथे शेकडो पद्धतींपैकी दहाच लागणार असतात, तिथे तो सोयीचाही पडतो. पर्लच्या जगानेही हळूहळू यादी जाहीर करण्याकडेच पाऊल टाकले. नावे दिली की पोहरे घडवून देणारी मॉड्यूले लोकांनी लिहून सर्वांसाठी मोकळी ठेवली. 'क्लास-ॲक्सेसर' त्यांतले एक. २००६ मध्ये आलेल्या 'मूस'मध्ये प्रत्येक कप्पा नाव, प्रकार आणि वाचायचा की लिहायचाही, हे सांगून जाहीर करता येतो. २०२३ च्या ५.३८ या आवृत्तीत वर्ग आणि कप्पे भाषेतच आले, अर्थात प्रायोगिक म्हणून, आणि २०२४ च्या ५.४० मध्ये कप्प्यापुढे एक शब्द लिहिला की वाचण्याची पद्धत आपोआप मिळू लागली. तीस वर्षांनी भाषेने तोच धडा आपल्या व्याकरणात घेतला. रूपे यंत्राने घडवावीत, नावे माणसाने सांगावीत.

एकाच गावाची दोन नावे

इथे एक शंका येईल. माणसांच्या जगात नाव कुठे एकच असते? जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये नांदेड 'नांदेर' म्हणून येते. राष्ट्रकूटांच्या लेखांत 'लट्टलूर' नगरीचे स्वामी असे बिरुद आढळते, आणि ते लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे अभ्यासक मानतात. आमचे जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, महसुलाचे दप्तर उर्दूत होते, आणि त्यातली नावे पुढे मराठीत आणताना एका गावाची दोन-तीन लेखने झाली. इतके काटेकोर राहून चालेल का?

चालेल, पण पर्यायांचीही यादी हवी. 'नांदेर म्हणजे नांदेड' हे कुणीतरी जाणून, तपासून लिहिले की ते ज्ञान झाले. मग यंत्राने दोन्ही नावांना ओ द्यावी. माझ्या ऑटोलोडचे औदार्य तसे नव्हते. त्याला नांदेर माहीत नव्हते आणि नांदेडही नव्हते, त्याला फक्त नाही म्हणता येत नव्हते.

यादीतल्या नावाचे मोल लातूरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे गेली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. त्यानंतर कित्येक वर्षे घर, मदत आणि माणसाचे असणे-नसणे कागदावरच्या ओळींवर ठरले. अशा प्रदेशात कोरा रकाना ही तांत्रिक बाब राहत नाही.

त्या तालुक्याची यादी मी तीन दिवसांनी नव्याने छापून दिली. प्रत्येक ओळ मूळ फाइलीशी हाताने ताडून पाहिली. तोवर पेरणीजोगा पाऊस झालाच नव्हता, त्यामुळे कुणाची पेरणी माझ्यामुळे हुकली नाही. ज्या लांबलेल्या पावसाच्या नावाने सगळा मुलूख बोटे मोडत होता, त्याने माझी चूक पोटात घातली. हे माझ्या हुशारीने झाले नाही, हे मी विसरत नाही.

मामा पुन्हा आले तेव्हा मी त्यांना पहिल्या दिवशीचे उत्तर चुकले होते असे सांगितले. आडात पाणी होते, पोहरा माझाच खोटा होता. त्यांनी नव्या यादीत आपली ओळ शोधली, क्षेत्राचा आकडा बोटाने दोनदा वाचला आणि म्हणाले, "मग त्या दिवशीच सांगायचं न्हाई का, पोहरा बगून सांगतो म्हून."

तेव्हापासून कुठलेही नवे काम हातात आले की मी आधी नावांची यादी लिहितो, ती विचारणाऱ्याला वाचून दाखवतो आणि मगच पद्धती घडवायचे काम यंत्राकडे देतो. आणि कुणी कोरा रकाना घेऊन आले, तर म्हण सांगण्याआधी पोहरा बघतो.